गावांनी मिळून एकच नकाशा करायचाय – कोणतं साधन वापरावं?

तळकोकणी
नमस्कार मंडळी,

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात एकमेकांना लागून असलेल्या सात गावांतले आम्ही लोक सध्या एका उद्योगात पडलोय. कुठली राई, कुठला व्हाळ (ओढा), कुठला सडा (कातळाचं पठार) राखायचा आणि घरं-बागा-रस्ते कुठे होऊ द्यायचे, हे गावांनी आपापसांत ठरवायचं आणि एका नकाशावर आणायचं. गावागणिक वेगळा नको, सगळ्यांचा मिळून एक हवा. हत्ती आणि पाणी, दोघांनाही शीव कळत नाही.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक असेल. पश्चिम घाटातला कुठला भाग संवेदनशील म्हणून राखायचा, यावर गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन गटाचा 2013 चा. मग मसुदा अधिसूचनांची रांग लागली, सहावी 31 जुलै 2024 ला आली. मध्येच मार्च 2024 मध्ये सावंतवाडी–दोडामार्ग पट्टा संवेदनशील जाहीर करण्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश झाला. दर वेळी नकाशा वरून येतो आणि आम्ही खाली बसून हरकती लिहितो. या खेपेला आमचा नकाशा आधी तयार असावा, एवढाच हेतू.

तर प्रश्न असा, की बऱ्याच गावांतल्या लोकांना एकाच नकाशावर काम करता येईल असं काय आहे? फुकट किंवा स्वस्त, मोबाइलवर चालणारं, रेंज नसली तरी अडून न बसणारं. स्वतः वापरलेलं सांगा. जाहिरात आम्हीही वाचलीय.

खट्याळ_खेकडा
आहे ना. ग्रामसभा म्हणतात त्याला. फुकट आहे, रेंज लागत नाही. कोरम लागतो, तेवढा मात्र मिळत नाही.

नकाशेवाला
खेकडेबुवांना हसून घ्या, आता कामाचं.

मुख्य काम क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरवर करा. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, मराठी अक्षरं नीट दिसतात. शेतात-जंगलात फिरून माहिती गोळा करायला ओडीके किंवा कोबो ही फॉर्म भरायची ॲप. फॉर्म एकदा मोबाइलवर उतरवला की रेंज नसताना भरता येतो, घरी येऊन वायफायवर पाठवायचा. पाया म्हणून इस्रोच्या भुवनचे किंवा इतर उपग्रह नकाशे. रस्ते-ओढे-वाड्यांची नावं ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर स्वतः भरा, ती पुढे सगळ्यांनाच उपयोगी पडतील.

खरी डोकेदुखी भूमी अभिलेखच्या गावनकाशाची. मूळ मोजणी साखळीने झालेली, कागद ओला-सुका होऊन ताणलेला, मग स्कॅन केलेला. तो उपग्रहचित्रावर टाकला की कुणाची विहीर शेजाऱ्याच्या गटात जाते, कुणाचं घर व्हाळात. न हलणाऱ्या खुणांवर तो बसवून घ्यावा लागतो: जुनं देऊळ, बांधीव विहीर, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. हे काम गावातल्या म्हाताऱ्याशिवाय होत नाही. त्या दगडाला कुठलं ॲप ओळखत नाही.

मोबाइलचा जीपीएस उघड्यावर पाच-दहा मीटर चुकतो, दाट राईत त्याहून बराच जास्त. राखायची जागा दाखवायला तेवढं चालतं. बांधाच्या भांडणात तो नकाशा पुरावा म्हणून नेऊ नका, डोकं फुटेल.

बागायतदार_65
माझं मत कडू लागेल, तरी लिहितो.

काजू माझी, जमीन माझी, सातबारा माझ्या नावावर. आता सात गावांतले लोक बसून माझ्या बागेवर हिरवा रंग मारणार आणि वर 'सहभागी नियोजन' म्हणणार. दिल्लीवाल्यानं रंगवलं काय आणि शेजारच्या वाडीनं रंगवलं काय, माझ्या पोराला उद्या घर बांधायला परवानगी मिळणार नसेल तर मला दोन्ही सारखेच. शिवाय या गटांत बसायला वेळ कुणाला असतो? निवृत्त माणसांना आणि मुंबईहून परतलेल्यांना. राबणारा बागेत असतो.

तळकोकणी
काका, घराची भीती आमच्याही गावात आहे, म्हणून मसुदा पुन्हा काढून बघितला. कस्तुरीरंगन गटानं बंदी सुचवली ती खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीज, लाल वर्गातले (सर्वांत प्रदूषक) उद्योग आणि 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर. शेती, बाग, राहतं घर यांवर नाही. गावात मात्र चार तोंडांतून फिरून ती 'कौलं बदलायचीसुद्धा परवानगी लागणार' अशी पोचली.

राबणारा माणूस बैठकीला येत नाही, हे तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही.

बागायतदार_65
कागदावर आज घराला बंदी नाही, मान्य. आमच्याकडे सातबाऱ्यावर वनसंज्ञेचा, म्हणजे जमीन 'वन' असल्याचा शेरा पडला तेव्हा लोकांना कुठे माहीत होतं? आणि आकारीपड, म्हणजे सारा थकला म्हणून सरकारजमा झालेल्या जमिनींचं काय? दोन-दोन पिढ्या हेलपाटे घालण्यात गेल्या. ज्यानं एकदा पोळून घेतलंय त्याला 'फक्त खाणीवर बंदी' सांगून विश्वास बसत नाही. रागावू नका.

वैनगंगा
गडचिरोलीहून लिहितेय. आमच्याकडचा अनुभव वेगळा आहे, पण एक गोष्ट उपयोगी पडेल.

सामूहिक वनहक्काचे दावे करताना आम्ही सुरुवात कधीच संगणकावरून केली नाही. वनहक्क कायदा 2006 चा. मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर हक्क मिळाला, त्यानंतर आसपासची गावं विचारायला लागली. पद्धत अशी: आधी शिवारफेरी. म्हातारी माणसं पुढे, पोरं मागे जीपीएस घेऊन. शेजारच्या गावाचे चार लोक बोलावायचेच, नाहीतर तो भाग पुन्हा चालावा लागतो. मग समाजमंदिरात जमिनीवर रांगोळीनं नकाशा. तो सगळ्यांनी पुसून, भांडून, पुन्हा काढला की मोठ्या कागदावर. संगणक सगळ्यांत शेवटी.

रांगोळीचा फायदा म्हणजे बाया बोलतात. पडद्यावर नकाशा लावला की दोन शिकलेली पोरं बोलतात आणि बाकी माना डोलावतात. आमच्या इथं तेंदू, मोह, बांबू कुठे आहे ते पुरुषांनी सांगितलं. उन्हाळ्यात पाणी कुठल्या झऱ्याला टिकतं, कुठली भाजी कुठल्या उतारावर येते, हे बायांनी सांगितलं. ते दोन्ही एकत्र आलं तेव्हा राखायच्या जागा आपोआप दिसल्या.

काकांच्या मुद्द्यावर: आमच्याकडे ते सामूहिक वन होतं, मालकीची बाग नव्हती. तुमची अडचण जास्त किचकट आहे, हे कबूल.

पणजीकर
धागा वाचून राहवलं नाही. हा सगळा खेळ आम्ही गोव्यात एकदा खेळून झालोय, आणि तो पूर्ण राज्याचा होता.

2006 चा 'प्रादेशिक आराखडा 2011' लोकांनी रस्त्यावर उतरून हाणून पाडला, 2007 च्या सुरुवातीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. मग 2021 सालासाठी नवा आराखडा. कार्यगटात चार्ल्स कोरिया, एडगर रिबेरो असे वास्तुरचना-नगररचनेतले लोक होते. वेगळेपण हे, की 2008 मध्ये मसुद्याचे नकाशे पंचायतींकडे गेले. ग्रामसभांनी ते उघडून बसायचं, चुका दाखवायच्या, आपल्या सूचना लिहायच्या. इथे खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेती) आहे, तुम्ही वस्ती दाखवलीत. हे तळं गाळलंत. हा उतार आहे, इथे घर नको. गावागावांत लोक सर्व्हे नंबर घेऊन बसले. भाटकार (जमीनमालक), मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारे), कोमुनिदाद या गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचे गावकार एकाच टेबलाशी वाकलेले मी पाहिलेत, आणि गोव्यात हे किती दुर्मीळ आहे ते गोंयकारालाच कळेल.

परिणामही दिसला. राज्याचं 3,702 चौरस किलोमीटर क्षेत्र. त्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्या दर्जाच्या परिसर-विभागात आलं (जंगल, खारफुटी, खाजन, पाणथळ वगैरे) आणि सुमारे चौथाई दुसऱ्या दर्जाच्या (बागायती, मिठागरं अशी जमीन). गाडगीळ समितीनंसुद्धा तळापासून नियोजनाचं उदाहरण म्हणून याचं नाव घेतलं.

मग काय झालं? सूचना वर गेल्या आणि अंतिम नकाशे आले तेव्हा बऱ्याच गावांना आपलं लिहिलेलं सापडेना. कुठली सूचना का घेतली आणि का टाकली, याची नोंद गावाकडे परत आलीच नाही. 2011 मध्ये हा नवा आराखडा अधिसूचित झाला, 2012 मध्ये सरकार बदललं आणि तो बासनात गेला, 2018 मध्ये पुन्हा काढला. त्यानंतर नगरनियोजन कायद्यातच दारं उघडली. 17(2) कलम 2023 मध्ये आलं: आराखड्यातली 'चूक' दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचा विभाग बदलायचा. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याचे नियम रद्द केले. पण तोवर विभाग बदलायची मुभा देणारं दुसरं कलम, 39अ, आलंच होतं.

म्हणून माझा सल्ला. साधन कुठलंही घ्या. पण नकाशा एकदा ठरल्यावर त्यातली रेघ कोण हलवू शकतो, आणि हलवली तर कुणाला कळेल, हे पहिल्या बैठकीत लिहून ठेवा. आमच्याकडे नकाशा उत्तम होता. खोडरबर दुसऱ्याच्या हातात होता.

खट्याळ_खेकडा
पणजीकर, 'चूक दुरुस्ती'चं कलम आमच्या सोसायटीच्या पार्किंग प्लॅनलाही लावता येईल का? विचारतोय एका मित्रासाठी.

नकाशेवाला
पणजीकरांचा मुद्दा तांत्रिक बाजूनंही सोडवता येतो. प्रत्येक आकृतीला चार रकाने ठेवा: कुणी सांगितलं (व्यक्तीचं नाव नको, वाडी किंवा गट), कधी, कुठल्या सभेत मान्य झालं, आणि बदल झाला असेल तर कशामुळे. जुनी आवृत्ती कधीही पुसायची नाही, तारीख घालून तशीच ठेवायची. हे साध्या फाइलींवरही होतं, महागडी यंत्रणा लागत नाही. कुणी रेघ हलवली तर दोन आवृत्त्या एकावर एक ठेवल्या की लगेच दिसतं.

बागायतदार_65
हे चार रकाने सरकारी नकाशाला असते तर मी इथे लिहायला बसलोच नसतो.

अरण्यऋतू
वनस्पतींचा अभ्यास करते, त्यामुळे माझी तक्रार रंगांबद्दल आहे.

गाडगीळ समितीनं पश्चिम घाटाचे सुमारे 2,200 चौकोन केले, प्रत्येक साधारण 9 बाय 9 किलोमीटरचा. उंची, उतार, प्रदेशनिष्ठ वनस्पती, नदीकाठचं जंगल अशा गोष्टींना गुण देऊन चौकोनांची प्रतवारी लावली. कस्तुरीरंगन गटानं 24 मीटरच्या ठिपक्याचं उपग्रहचित्र घेतलं आणि गाव हा घटक धरला. गावाचा 20 टक्के किंवा जास्त भाग संवेदनशील निघाला की गाव यादीत. आता हेवाळे-बांबर्डे इथली रान जायफळाची दलदल घ्या, जिला 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. जेमतेम अडीच हेक्टर. पहिल्या नकाशात ती 8,000 हेक्टरच्या चौकोनात बुडते, दुसऱ्यात चाळीस-पंचेचाळीस ठिपके होते. ती तिथे आहे हे टिकून राहिलं ते राई देवाची म्हणून लोकांनी कुऱ्हाड लावली नाही यामुळे.

उलट बाजूही बघा. वनसर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलं की ते वनाच्छादन. मालकी कुणाचीही असो, झाड कुठलंही असो. म्हणजे रबराची लागवडही त्यात मोजली जाते. दोडामार्गात राई तोडून रबर लावलं तर काही वर्षांत नकाशा पुन्हा हिरवाच. आणि सडा? उपग्रहाला तो उघडा खडक दिसतो आणि तो ओसाड जमिनीच्या यादीत जातो. पावसात तिथे सीतेची आसवं, निळी पापणी फुलतात, डबक्यांत बेडूक वाढतात, खालच्या झऱ्यांना पाणी तिथूनच मुरतं. हे कुठल्याच ठिपक्यात नाही.

म्हणून तळकोकणी, तयार विभाग घेऊच नका. राई, व्हाळ, सडा, भरड, कुळागर, मळा. गाव ज्या नावांनी जमीन ओळखतं तेच तुमचे थर ठेवा.

घाटमाथा
+1. सड्याबद्दल अजून एक: कातळशिल्पं. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात ती सड्यावरच आहेत. 'ओसाड' शेरा असलेल्या जमिनीवर हजारो वर्षांपूर्वीची चित्रं. तुमच्या बाजूला शोधलीत का?

तळकोकणी
कुडोपीची ऐकून आहे, ती मालवण तालुक्यात. आमच्या भागात कुणी नीट बघितलेलं नाही. फॉर्ममध्ये एक रकाना वाढवतो.

ब्रिस्बेनकर
इथे ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफचं पुनर्विभाजन 2004 मध्ये अमलात आलं, त्याचं उदाहरण देतो. मासेमारी पूर्ण बंद असलेलं क्षेत्र पाच टक्क्यांहून कमी होतं, ते तेहतीस टक्क्यांवर गेलं. मारक्सान नावाची संगणक प्रणाली वापरली होती. प्रत्येक प्रकारच्या प्रवाळाचा, समुद्री गवताचा ठरावीक वाटा राखायचा आणि कोळ्यांचं नुकसान कमीत कमी ठेवायचं, अशी गणितं करून ती वेगवेगळे पर्याय पुढे ठेवते. लोकांकडून दोन फेऱ्यांत 31,000 हून अधिक निवेदनं आली, त्यावरून रेघा हलल्या. प्रणाली फुकट मिळते. तुमच्यासाठी वापरता येईल का?

नकाशेवाला
येईल, पण सात गावांसाठी तोफेनं चिलट मारल्यासारखं होईल. माहिती नीट असली तरच त्या गणिताला अर्थ. शिवाय तिथे सगळा समुद्र सरकारच्या ताब्यात. इथे एका सातबाऱ्यावर चाळीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत आणि तीन-चार देवाघरी. 'जमीनमालकाचं नुकसान' हा आकडा कुणाच्या नावे भरायचा?

मालवणी_मसालो
आणि आंबोली, गेळे, चौकुळात जाऊन विचारा बघू मालक कोण ते! कबुलायतदार गावकर, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीचो प्रश्न ऐकान तुमचो संगणक आजारी पडतलो.

आमच्या वाडीत एकदा संस्थेची पोरां नकशो घेवन इली. पयलो प्रश्न, "माझो गट खंय आसा?" दुसरो, "रस्तो जातलो काय?" तिसरो, "ह्यो हिरवो रंग माझ्या बागेर कित्याक?" ह्या तिनांची उत्तरां असल्याशिवाय नकशो उलगडू नकात, मंडळी. त्या दिवशी चाय थंड झाली.

पणजीकर
हाहा. आमच्याकडेही तिसरा प्रश्न हाच होता, फक्त बागेच्या जागी 'प्लॉट' म्हणायचे.

रानवाटाड्या
कुणीच न काढलेला एक धोका. तुम्ही राईतल्या दुर्मीळ झाडाची, ऑर्किडची, खवल्या मांजराच्या बिळाची नेमकी जागा नकाशावर टाकणार आणि तो नकाशा सगळ्यांना उघडा ठेवणार? शिकाऱ्याचं आणि जमीनदलालाचं कामच सोपं झालं. आयनॅचरलिस्टसारख्या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर संकटग्रस्त प्रजातींची जागा आपोआप धूसर करतात, साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी, इतकंच दिसतं. तुम्हीही दोन नकाशे ठेवा, गावाचा आणि बाहेर दाखवायचा.

अरण्यऋतू
प्रजातींबाबत शंभर टक्के सहमत. पण 'दोन नकाशे' हे सगळ्याच गोष्टींना लावू नका. झरा, व्हाळ, सडा, हत्तीची वाट या गोष्टी उघड असल्याच पाहिजेत. लपवलेला झरा बुजवला गेला तर बोंब कुठल्या तोंडानं मारणार?

रानवाटाड्या
हत्तीची वाट उघड करणं मला तरी जोखमीचं वाटतं. विजेचे तार लावणारे असतात.

अरण्यऋतू
ज्यांच्या केळी तुडवल्या जातात त्यांना ती वाट माहीत आहेच. माहीत नसतं ते फार्महाउसवाल्याला, आणि तो कुंपण घालतो नेमकं तिथेच.

वैनगंगा
दोघांचंही पटतं. आमच्याकडे हा निर्णय ग्रामसभेनंच घेतला. मधाची झाडं नकाशात नाहीत. बाकी आहे.

घाटमाथा
लोक-जैवविविधता नोंदवहीचा विषय कुणी काढला नाही? 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि नोंदवही असायला हवी. तुमच्या गावांत झाल्या असतील, त्यातून आयती माहिती मिळेल.

तळकोकणी
झाल्यात. एका गावाची उघडून बघितली. त्यात गावात कधी कुणी न पाहिलेले प्राणी आहेत आणि गावचा व्हाळ नाही. ठेकेदारानं कुठल्या तरी दुसऱ्या गावाची उतरवली असावी. नव्यानं भरू, पण नोंदवहीला कायद्याचा आधार आहे, म्हणून आमचा नकाशा तिलाच जोडायचा विचार आहे. ग्रामसभेचा ठराव आणि नोंदवही एकत्र असली की निदान कागदाला कागद उत्तर देईल.

पणजीकर
हे बेस्ट. आणि ठरावाची प्रत गावाकडे ठेवा, शिक्क्यासह. वर पाठवलेली परत येत नसते.

बागायतदार_65
बरं, माझी एक अट नोंदवून घ्या. खाजगी जमिनीवर मालकानं स्वतः सांगितल्याशिवाय रंग नको. त्याची जागा पांढरी ठेवा. पांढरी म्हणजे विरोध नव्हे, पांढरी म्हणजे अजून बोलणं झालेलं नाही. मग मी बैठकीला येईन. सकाळची ठेवू नका, काजूच्या हंगामात तर नकोच.

तळकोकणी
काका, मंजूर. पांढऱ्या जागा बऱ्याच राहतील आणि नकाशा ठिगळ लावल्यासारखा दिसेल, पण खोटा हिरवा करण्यापेक्षा बरा. व्हाळाचं मात्र अवघड आहे. वरच्या बाजूची जमीन पांढरी राहिली आणि तिथे बुलडोझर फिरला, तर खालच्या गावानं राखून काय उपयोग? त्यावर वरच्या-खालच्या वाड्यांना एकत्र बसवण्यावाचून मार्ग दिसत नाही.

आमचं साधारण असं ठरतंय: आधी शिवारफेरी आणि रांगोळी (वैनगंगाताई, आभार), मग कोबोचा फॉर्म, मग क्यूजीआयएस, नकाशेवाले म्हणाले ते चार रकाने ठेवून. थर गावच्या नावांचे. प्रजातींच्या जागा गावाकडेच. बैठका संध्याकाळी, काजू संपल्यावर, म्हणजे पावसाच्या तोंडावर. फेरी त्यामुळे दोनदा करावी लागेल, सडा उन्हाळ्यात बघून काही कळत नाही.

आता शेवटचं. मोठा कागद छापायचाय, ज्यावर लोकांना लिहिता येईल. ए-झीरो पुरेल का? लॅमिनेशन करावं का?

नकाशेवाला
एका गावाला ए-झीरो पुरेल, 1:5000 वर साधारण चार बाय सहा किलोमीटर मावतं. लॅमिनेशन नको, त्यावर पेन चालत नाही आणि चुका कुणी खोडायला जात नाही. साधा जाड कागद आणि वर ट्रेसिंग पेपर, प्रत्येक वाडीचा वेगळा. एकावर एक ठेवले की कुठे जमतं आणि कुठे भांडण आहे ते तिथल्या तिथे दिसतं. कोपऱ्यांत चार फुल्या मारून घ्या, नाहीतर नंतर जुळवताना रडाल. सावंतवाडीत एवढा प्लॉटर मिळतो का, ते आधी विचारा.

मालवणी_मसालो
नाय मिळाक. कुडाळाक जावचा लागतला. येताना खाजा आणा.